तुझ्या फोनचं कुलूप

वंदना, तुझा फोन काल आरोग्य केंद्रात जमा झाला. कल्पनाताई घेऊन गेली. तुझ्या बरोबरीनं गावात आशाताईचं काम करणारी ती एकटीच उरली आता. तिला मी पोचपावती आणायला लावली, एवढं तरी मान. सही, शिक्का, तारीख सगळं तपासलं आणि तुझ्या बिलांच्या डब्यात ठेवलं. पण फोन जाण्याआधी मी एक काम करून बसलो. तू असतीस तर आठ दिवस माझ्याशी बोलली नसतीस. ते तुला सांगितल्याशिवाय घास गिळवत नाही, म्हणून लिहितोय.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. शुक्रवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बॅनरसाठी फोटो हवा होता आणि घरात तुझा धड एक फोटो नाही. लग्नातल्या फोटोत मान खाली. आपल्या लेकीच्या, पल्लवीच्या फोनमध्ये शोधलं तर प्रत्येक ठिकाणी तू कोणाच्या तरी मागे, नाहीतर चेहऱ्यापुढे हात धरून. 'कुठं टाकू नको बाई' हे तुझं ठरलेलं वाक्य. शेवटी कपाटातून आधारच्या झेरॉक्स निघाल्या. सगळ्यांवर तुझ्या अक्षरात आडवं लिहिलेलं. 'फक्त गॅस जोडणीसाठी.' 'फक्त बँकेच्या कामासाठी.' खाली सही, तारीख, आणि आकड्यांवर काळी पट्टी. मूळ कार्ड कुठं ठेवलंस ते अजून सापडलेलं नाही. ज्या झेरॉक्समध्ये चेहरा त्यातल्या त्यात बरा होता, तिच्यावर तुझं अक्षर नेमकं डाव्या गालावरून गेलेलं. बॅनरवाला पोरगा म्हणाला, "गुरुजी, मिटवून देतो, मालूम नाही पडनार." मालूम पडत होतं. एवढ्या मोठ्या बॅनरवर तुझा डावा गाल पुसट, आणि डोळे असे की जणू तुलाच कोणी पकडून आणलंय. तो फोटो बदलायला तू दोनदा पवनीला खेटे घातले होतेस. त्याच फोटोला सगळ्या अड्याळनं फुलं वाहिली.

लोक बोलले. चांगलं बोलले. मग माईक माझ्या हातात दिला. मी पाणी मागितलं, प्यायलो आणि माईक परत केला. तीस वर्षं पोरांना भाषणं पाठ करून घेणारा मास्तर मी!

मला सारखी आपली सकाळ आठवते. पेपर आला की मी अग्रलेख धरायचो, कारण मी शिकलेला. तू आतलं पान काढून घ्यायचीस, जिथं कोणत्या अ‍ॅपनं काय चोरलं आणि कोणत्या कंपनीनं ग्राहकाला कसं फिरवलं ते छापलेलं असे. "अजी, हे पाहा," तू म्हणायचीस, "बॅटरीच्या अ‍ॅपले आपल्या लोकायचे नंबर कायले पाहिजे? उजेड पाडाले नंबर लागते का?"

मी म्हणायचो, "अवं, आपल्याजवळ आहे काय चोराले? एक म्हैस अन् माह्या बदलीचे कागद."

"काय चोराचं थे चोराले जास्त मालूम रायते, गुरुजी."

मला चिडवायचं असलं की तू गुरुजी म्हणायचीस. एरवी नुसतं अजी.

आणि खरंच, चोरी झाली ती माझ्याकडेच. 'पेन्शनची नवी यादी, आपलं नाव पाहा' असा मेसेज आला. मी दाबलं, आलेला ओटीपीचा आकडाही सांगून टाकला. तासाभरात माझं व्हॉट्सअ‍ॅप माझं राहिलं नाही, आणि शाळेच्या ग्रुपवर माझ्या नावानं असल्या बायांचे फोटो गेले की मुख्याध्यापकांनी मला चष्मा काढून बघितलं. तू दहावी शिकलेली. स्वयंपाक बाजूला ठेवून माझ्याजवळ बसलीस आणि सगळं परत मिळवून दिलंस. एका शब्दानं हसली नाहीस. हसली असतीस तर बरं झालं असतं, मला मग तुझ्यावर रागावता तरी आलं असतं.

औषधाच्या दुकानात बिलासाठी मोबाईल नंबर मागितला की तू विचारायचीस, "माह्या नंबरानं ताप उतरनार आहे का?" दुकानदार माझ्याकडे बघायचा, मी भिंतीवरच्या जाहिरातीकडे. पक्कं बिल घेतल्याशिवाय तू दुकानाची पायरी उतरायची नाहीस. मिक्सरचं भांडं वॉरंटीत फुटलं तेव्हा दुरुस्तीचं केंद्र निघालं गोंदियाला. जिल्हा तोडून गोंदिया कधीचा वेगळा झाला, पण कंपनीच्या नकाशात आपण अजून एकच. तू जायला साफ नकार दिलास आणि फोन लावलास. पलीकडची पोरगी हिंदीत म्हणाली की हा कॉल रेकॉर्ड होतोय. तू म्हणालीस, "हमारे तरफ से भी हो रही है, बोलो." मी चहा पीत होतो, ठसका लागला. भांडं घरपोच आलं. तेव्हापासून तुझ्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. बोललेला शब्द लोक फिरवतात, असं तुझं म्हणणं.

पण त्याच फोनवर गावातल्या बायांचेही फोन यायचे, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. रोज दिवेलागणीला चहाचा कप घेऊन तू पायरीवर बसायचीस आणि त्या दिवसाचं एकेक रेकॉर्डिंग पुसायचीस. मी विचारायचो, "काय पुसून राहिली?"

"काही नाही. जागा भरते फोनची."

माझ्या मनात तेव्हा काय यायचं ते आज लिहितो. उद्या लिहायची हिंमत राहणार नाही. मला वाटायचं, कोणीतरी आहे. पन्नाशीला टेकलेली बाई, पायांना भेगा, दिवसभर लसीची पेटी घेऊन उन्हात फिरणारी, आणि मी घरात बसून हे असलं इमानेइतबारे चघळायचो. वर शाळेत पोरांना सम्यक दृष्टी शिकवायचो.

त्या संशयातून ते भांडण झालं. माझे सगळे नंबर तुला पाठ, बँकेचा, फोनचा. तुझ्या फोनचा पिन मात्र मला नाही. मी म्हणालो, "मी नवरा आहो का कंपनीचा मानूस? मले काहून नाही सांगत?"

तू भाजी चिरत होतीस. वर न बघता म्हणालीस, "नवरा आहा म्हनूनच नाही सांगत."

चार दिवस मी बोललो नाही. ताट घ्यायचो, ताट ठेवायचो. पाचव्या दिवशी बाजारातून मी किडकी वांगी आणली त्यावरून बोलणं सुरू झालं. भांडण तसंच राहिलं, त्याच्यावर फक्त झाकण पडलं. मला वाटलं, पुढं कधीतरी नीट विचारू. पुढं आपल्याकडे दोनच आठवडे आहेत हे मला काय ठाऊक?

भाताच्या रोवणीचे दिवस. कल्पनाताईचा शाळेत फोन आला की ताईचं डोकं फुटून राहिलं, उलट्या होत आहेत. गाडीत तुला मागे झोपवलं, तुझं डोकं कल्पनाताईच्या मांडीवर. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसलो. वंदना, मी पुढं का बसलो? मागे जागा होती. मला वाटलं, रस्ता दाखवावा लागेल. अड्याळहून भंडाऱ्याचा रस्ता ड्रायव्हरला दाखवायला निघालो होतो मी! मी नागपूरला पल्लवीला फोन लावत होतो, रेंज येत-जात होती, आणि मागे तू कल्पनाताईला हळू आवाजात काहीतरी सांगत होतीस. मला वाटलं, कण्हते आहेस.

दवाखान्यात तुझा फोन माझ्या खिशात होता आणि तो थांबेचना. ही बाई, ती बाई. मी उचलत नव्हतो, तर वर मेसेज दिसायचे: ताई आल्या नाही, ताई उचलून काहून नाही राहिल्या. मी वैतागून तो बंद करून टाकला. भंडाऱ्याहून तुला नागपूरला हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथं तू गेलीस.

तुला घरी आणलं तेव्हा मोहाडीहून तुझा भाऊ आला होता. दिलीपच्या मनात वाईट काही नव्हतं. तो कानात म्हणाला, "भाऊजी, आंगठा लावून पाहा. एकदा नेलं का मंग काहीच नाही भेटनार." बाया पाणी आणायला उठल्या होत्या. मी तुझा हात चादरीतून काढला आणि अंगठा फोनवर टेकवला. फोननं लिहून दाखवलं की बंद करून सुरू केल्यावर पिन टाकावाच लागतो, अंगठा चालत नाही. मी पुन्हा टेकवला. तुझा अंगठा थंड होता आणि मी तो दाबत होतो. वर बघितलं तर दारात पल्लवी.

"बाबा, आईला विचारलं होतं का?" एवढंच म्हणाली. अजून माझ्याशी सरळ बोलत नाही.

मला काय हवं होतं ते ऐक. मला तुझा आवाज हवा होता. बाकी काही नाही. तो संशय त्या गाडीतच संपला होता. आवाजाची नक्कल करून फसवतात अशी बातमी वाचल्यापासून तू आवाजाचे मेसेज पाठवणंच सोडलं होतंस, पल्लवीलाही एका बोटानं टाइप करून पाठवायचीस. जुने होते ते तिच्या जुन्या फोनबरोबर गेले. या घरात तू तीस वर्षं बोललीस आणि तुझा एक शब्द कुठं शिल्लक नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला वाटायला लागलं की तुझा आवाज मी विसरतोय. शब्द आठवतात, पण ते माझ्याच आवाजात. मी वेड्यासारखे आकडे टाकत बसलो. पल्लवीची जन्मतारीख, लग्नाची तारीख, नोकरीला लागलीस तो दिवस. प्रत्येक चुकीनंतर फोन आणखी थांबायला लावायचा. जन्मतारखा ठेवू नका असं पेपरात छापून यायचं. पेपरातलं ऐकणारी सगळ्या पवनी तालुक्यात तू एकटीच निघालीस.

मधेच तिसऱ्या दिवशी एक बाई दारात आली होती. तिचं नाव लिहीत नाही, तू ओळखशील. भेटायला आली म्हणून मी चटई टाकली. ती उभीच राहिली. "गुरुजी, ताईचा फोन कोनापाशी आहे?"

"माह्याजवळ."

"उघडला का?"

"नाही उघडून राहिला."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि लगेच तोंडावर पदर धरला. "म्हंजे तसं नाही, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. त्यांनी आडून आडून तेच विचारलं. तेव्हा माझ्या जाड डोक्यात प्रकाश पडला. कोणाला दिवस गेलेत, कोणाला मारतात, कोणी सासूला न सांगता ऑपरेशन केलंय, कोणाची टीबीची गोळी डब्यात लपवलेली आहे, हे सगळं तू त्या कुलपात ठेवलं होतंस आणि रोज संध्याकाळी पुसत होतीस. मी तुझ्यावर काय काय शिंतोडे उडवले मनातल्या मनात! मी चटईवर बसून मोठ्यानं रडलो त्या दिवशी. पल्लवी आतून आली नाही.

इथं थांबलो असतो तर हे पत्र वेगळं झालं असतं. पण मी थांबलो नाही. हे सगळं कळल्यावर, कळून सवरून, मी पुढचं केलं.

शनिवारी निरोप आला की फोन खात्याचा आहे, सोमवारी जमा करा, नव्या आशाताईला द्यायचा आहे. रविवारी दुपारी कल्पनाताई आली. म्हणाली, "गुरुजी, द्या. साफ करून नेतो."

"साफ कशी करशील? पिन कुठं आहे?"

मग म्हणाली, "ताईनं गाडीत सांगतला होता मले."

मी विचारलं, आणखी काय म्हणाली ती? कल्पनाताई सांगायला तयार नव्हती. मी धरूनच बसलो. "म्हने, सगळं पुसून देजो. गुरुजीच्या हाती देऊ नको. थे वाईट नाही, पन त्याइच्या पोटात काही रायत नाही."

शेवटच्या शुद्धीत तू माझ्याबद्दल हे बोललीस. खोटं नाही बोललीस. पण मी एका हाताच्या अंतरावर बसलो होतो, वंदना.

मी कल्पनाताईला म्हणालो, फक्त आवाज ऐकव. एकदा. ती नाही म्हणाली. मी हात जोडले. ती नाही म्हणाली. मग मी तिचे पाय धरले. माझ्यापेक्षा कितीतरी लहान बाई ती, घाबरून मागे सरकली, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्याकडे पाठ करून पिन टाकला. आत काय होतं? लसीच्या कार्डांचे फोटो, सुजलेले पाय, एका तान्ह्याच्या अंगावरचं पुरळ. तुझा एकही नाही. आणि एक रेकॉर्डिंग. त्या दिवशी सकाळचं. संध्याकाळी पुसायला तू पायरीवर बसलीच नाहीस म्हणून राहिलेलं.

वर नाव होतं. त्याच बाईचं, जी तिसऱ्या दिवशी दारात उभी राहिली होती.

"नका ऐकू, गुरुजी," कल्पनाताई म्हणाली. "यात दुसरं मानूस आहे."

मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला. ती उठून अंगणात गेली, तिला ऐकायचं नव्हतं. मी दाबलं.

ती बाई बोलत होती, रडत होती, थांबत होती. आणि मधे मधे तू. "हं." "हं, सांग." "रड, पहिले रडून घे." "मी आहो ना." बस, एवढंच. तुझा एकेक 'हं' मिळवायला मला तिचं सगळं ऐकावं लागत होतं. पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळलं की हे मी ऐकायला नको. मी थांबवलं नाही. तिच्यावर काय गुदरतंय ते इथं लिहिणार नाही, पण त्या घरातला तो माणूस मला रोज नमस्कार करतो. शेवटी तू म्हणालीस, "माहं डोकं दुखून राहिलं सकाळपासून. उद्या येतो मी तुह्याकडे, दोघी मिळून जाऊ, जिथं सांगाचं तिथं सांगू. कोनाले मालूम नाही पडनार. माह्या घरी बी नाही." मग कट्.

डोकं दुखत होतं हे तू तिला सांगितलंस. मला नाही. मी सकाळी विचारलंही नव्हतं.

आणि मग मी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. पहिल्यांदा ऐकलं त्याला काही माफी असेल तर बघ. दुसऱ्यांदा ऐकलं त्याला नाही. एका बाईचं जिवंतपणीचं मरण मी तुझ्या 'हं'साठी दोनदा ऐकलं. मग कल्पनाताई आत आली, फोन काढून घेतला आणि माझ्यासमोर सगळं पुसलं. तुझा आवाज गेला. मी हसू का रडू असं काहीतरी तोंड करून बसलो होतो, असं ती नंतर पल्लवीला म्हणाली.

काल संध्याकाळी ती बाई पुन्हा आली. "गुरुजी, फोन गेला ना? कोनी उघडला तं नाही?"

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही बाई. जसा होता तसा गेला."

तिनं हात जोडले आणि मग पहिल्यांदा तुझ्यासाठी रडली. आधी भीतीनं तिला रडताही आलं नव्हतं. तिला रडताना बघून मला वाटलं, हे एक खोटं तरी मी नीट बोललो.

पण त्यानंतर झोप नाही. कारण तू तिला 'उद्या येतो' म्हणाली होतीस आणि तो उद्या आलाच नाही. तिच्याकडे कोणीतरी जायला हवं, हे जगात आता फक्त मला माहीत आहे. मी गेलो तर तिला कळणार की फोन उघडला होता, आणि मग ती कोणालाच कधी काही सांगणार नाही. कल्पनाताईला सांगितलं तर तिचं गुपित मीच फोडलं. आणि नाही गेलो, तर तो माणूस आहेच त्या घरात.

आज सकाळी शाळेत जाण्याआधी तिच्या दारापर्यंत गेलो. ती अंगण सारवत होती. हाताला कोपरापर्यंत शेण, आणि कोपराच्या वर निळं पडलेलं. काल नव्हतं ते. मला बघून तिनं घाईनं पदर ओढला आणि हसून म्हणाली, "काय गुरुजी, इकडं कसे? चाय घेता?"

"नाही बाई, असाच आलो होतो," मी म्हणालो, आणि परत फिरलो.

वंदना, तू मला पिन सांगितला नाहीस ते बरोबर केलंस. पण आता सांग, मी तिच्या दारात जाऊन काय म्हणू?